गोटीरामबाबांची सात खणांची डबी

मी गोळ्यांची डबी आहे. प्लॅस्टिकची, फिकट निळी, वीतभर लांब. मला सात खण आहेत आणि प्रत्येक खणाला आपलं आपलं झाकण. झाकणांवर वारांची नावं छापली आहेत. मंगळवारचं झाकण हल्ली नीट लागत नाही, आणि गुरुवारचं नाव बोटं लागून लागून पुसलं गेलंय. बाकी मी धडधाकट आहे. आज मला थोडं बोलायचंय. डब्यांचं सहसा कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आधीच सांगते, फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म रबाळ्याचा. तिथल्या एका लहानशा कारखान्यात वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. माझ्यासारख्या शेकडो त्याच दिवशी जन्मल्या. टेबलाशी एक बाई बसली होती. तिने माझी सातही झाकणं उघडून, मिटून बघितली. तेव्हा ती शेजारणीला लेकीच्या कॉलेजची तक्रार सांगत होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. पण मला लागलेला माणसाचा पहिला हात तोच, म्हणून तो लक्षात राहिला.

पुढे एका औषध कंपनीच्या माणसाने आम्हांला डॉक्टरांकडे भेट म्हणून वाटलं. मी नेरुळच्या वैशाली मॅडमच्या दवाखान्यात गेले. कॅलेंडरं आणि पेनं यांच्याबरोबर एका कपाटात किती महिने पडून होते कोण जाणे. कपाट उघडलं की उजेड यायचा, हात यायचा, आणि माझ्या शेजारचं काहीतरी उचलून निघून जायचा.

एक दिवस तो हात माझ्याकडे आला.

"ही घ्या," मॅडम समोरच्या बाईला म्हणाल्या. "दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या यात भरून ठेवा. म्हणजे बाबांनी घेतल्या की नाही ते तुम्हांला लगेच कळेल."

किती विश्वासाने म्हणाल्या त्या! पुढे एक काळ असा आला की सगळं या वाक्याच्या उलट झालं.

ती बाई म्हणजे सुचिता, करावे गावातल्या गोटीरामबाबांची सून. बाबा तिच्या शेजारीच बसले होते. सत्तरीला टेकलेले, काळेसावळे, खांदे अजून रुंद. उभी हयात खाडीत मासेमारी केलेली. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हिच्यात सोमवार, मंगलवार लिवलंय. गोलीला काय ठावं आज कंचा वार हाय?"

सुचिता हसली. मॅडमही हसल्या. मला ते आवडले.

गावातलं त्यांचं घर म्हणजे तीन मजल्यांची इमारत. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, त्यांच्या बदल्यात मिळालेल्या जागेवर बांधलेली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू. तिसऱ्यावर मुलगा तेजस आणि सुचिता. आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत बाबा एकटे, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. बायको जाऊन पाच वर्षं झालेली. भाडेकरू येता-जाता 'काय काका' म्हणायचे. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्यांचं नावही माहीत नसावं. स्वतःच्याच घराच्या पायथ्याशी बाबा वॉचमनसारखे बसलेले असायचे.

माझी जागा टीव्हीखालच्या फळीवर. तिथून मला पलंग दिसायचा, दार दिसायचं आणि छोटा फ्रीज दिसायचा.

तेजस उरणला कंटेनर यार्डात नोकरीला. त्याच्या पाळ्या रोज बदलत. सुचिता वाशीला एका ऑफिसात, आठवड्याचे सहा दिवस. सकाळी जाताना ती बाबांचा डबा घाईघाईने खाली ठेवायची. "बाबा, डबा! गरम आहे, आत्ताच खा," एवढं बोलून होईपर्यंत तिच्या चपला गेटपाशी वाजायच्या. संध्याकाळचा डबा कधी ती आणायची, कधी तेजस, कधी पहिल्या मजल्यावरचं कुणीतरी.

पण रविवार वेगळा होता. रविवारी चारच्या सुमारास सुचिता चहाचे दोन कप आणि गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन खाली यायची. पलंगावर बसून मला मांडीवर घ्यायची आणि एकेक झाकण उघडायची. प्रत्येक खणात दोन गोळ्या, एक लांबट पांढरी, एक बारीक गुलाबी. हे काम पाच मिनिटांचं. पण तिला अर्धा तास लागायचा, कारण हात चालू असताना तोंडही चालू असायचं.

"काय सांगू बाबा, आमच्या ऑफिसातला तो एसी. एक म्हणतो वाढव, दुसरी म्हणते बंद कर. मी मधे बसते. डोक्यावर बर्फ, पायाखाली शेगडी."

"मंग तू जागा बदल."

"जागा बदलली तर खिडकी जाईल ना!"

"खिडकीतशी काय दिसतं?"

"दुसऱ्या ऑफिसची खिडकी."

बाबा खदखदून हसायचे. आठवड्यातून एकदाच मी ते हसू ऐकायचे. मग ती सातवं झाकण लावायची, कप उचलायची आणि जायची. बाबा बराच वेळ दाराकडे बघत राहायचे. तो वेळ मला लांब वाटायचा. त्यांना किती लांब वाटत असेल?

दोन वर्षं असं चाललं. त्या दोन वर्षांत बाबा रोज सकाळी एक झाकण उघडायचे, दोन्ही गोळ्या तोंडात टाकायचे आणि वर पाणी प्यायचे. मी रोज एका खणाने हलकी व्हायचे. माझ्या आयुष्यातला तो खरा काळ.

मग गेल्या वर्षी, गणपती झाल्यावर, तपासणीत बाबांची तीन महिन्यांची साखर दहाच्या वर निघाली. पायाची जखम भरत नव्हती. वैशाली मॅडमनी इन्सुलिनचं पेन लिहून दिलं. रोज सकाळी न्याहारीच्या आधी दहा युनिट. "गोळ्या चालूच ठेवायच्या," त्या म्हणाल्या. "गोळ्या आणि इन्सुलिन, दोन्ही." सुचिताने ते चिठ्ठीवर लिहूनही घेतलं. हातपाय थरथरले, घाम आला, तर लगेच साखर द्यायची, तेही लिहून घेतलं.

पेन फ्रीजच्या दारात राहायला आलं, लोणच्याच्या बाटलीशेजारी. आम्ही दोघं एकाच माणसासाठी काम करणार होतो, पण घरं आमची वेगळी. ते थंडीत, मी फळीवर. सकाळी पलंगावर पाच मिनिटं काय ती आमची भेट. बरोबर काम करणाऱ्यांची आपसात बोलाचाल असावी असं मला वाटतं. आमची नव्हती.

बाबा सुई टोचायला दोन दिवसांत शिकले. जाळ्याच्या गाठी मारलेली बोटं ती. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं झाकण उघडलं, दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि नुसते बघत बसले.

"एका होडीला दोन तांडेल कशाला?" ते स्वतःशीच म्हणाले.

होडी चालवायची तर हुकूम एका तांडेलाचाच हवा, दोघांचा झाला की होडी खडकावर, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आता सुई आली म्हणजे मोठा तांडेल आला. गोळ्यांचं काम संपलं. हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. पलंगाखाली एक पत्र्याचा डबा होता. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या त्यात ठेवलेल्या. त्यांनी तो ओढला आणि माझ्या दोन गोळ्या त्यात टाकल्या. शिशावर पडताना त्यांचा बारीक आवाज झाला.

मला वाटलं, रविवारी सुचिता आली की ते सांगतील. सांगितलं असतं तर तिने मॅडमना विचारलं असतं, मॅडमनी समजावलं असतं, आणि एवढ्यावर भागलं असतं.

रविवार आला. सुचिता चहा घेऊन बसली. मला उघडता उघडता चेष्टेने म्हणाली, "बाबा, आता इंजेक्शन लागलंय. पुढे गोळ्या बंद झाल्या ना, तर रविवारचं माझं एक काम कमी. दुपारची झोप तरी होईल."

सहज म्हणाली ती. आठवड्याचा तो एकच दिवस तिला मिळायचा, दमलेली असायची. तिच्या मनात काही नव्हतं. पण बाबांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. जे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते चहाबरोबर गिळलं.

गोळ्या बंद झाल्या तर सुचिता कशाला खाली येईल?

त्या दिवसापासून माझं खोटं आयुष्य सुरू झालं. दर रविवारी सुचिता मला भरायची. रोज सकाळी बाबा एक खण उघडून पत्र्याच्या डब्यात रिकामा करायचे. पुढच्या रविवारी सुचिता रिकामे खण बघून म्हणायची, "व्वा बाबा, एक दिवस चुकवत नाही तुम्ही!" आणि बाबा पंख्याकडे बघायचे. मी रिकामी दिसले की सगळ्यांना वाटायचं, औषध पोटात गेलं. माझा रिकामेपणा हाच पुरावा होता, आणि तो खोटा होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण माझी सात झाकणं आहेत, तोंड एकही नाही.

साखर उतरेना. मॅडमना वाटत होतं, गोळ्या चालू आहेत आणि तरी साखर चढतेय, म्हणजे इन्सुलिन कमी पडतंय. त्यांनी दहाचे सोळा केले. मग बावीस. माघ उजाडेपर्यंत तीस. आकडा वाढला की सुचिता काळजीने म्हणायची, "बाबा, खाण्यात काही गडबड नाही ना?" बाबा म्हणायचे, "नाय गो."

ते खरंच होतं. खाण्यात गडबड नव्हतीच.

माघात उरणहून काशीआत्या आली. बाबांची धाकटी बहीण. चुलतभावाच्या नातवाचं, अभयचं, लग्न होतं आणि हळदीच्या आधी चार दिवस ती भावाकडेच उतरली. खोलीत एकदम आवाज भरला. सकाळी सहाला उठून तिने फळी पुसली, मला उचललं, माझ्या पाठीवरची धूळ पदराने झाडली.

"दादूस, ही चिमनीची खुराडी काय रं?"

"गोल्यांची डबी हाय ती."

आठ वाजता बाबांनी सुई टोचली, माझं झाकण उघडलं, आणि सवयीने वाकून पत्र्याचा डबा ओढला. काशीआत्या मोरीच्या दारात उभी होती.

"काय करतंस?"

बाबा दचकले. आत्याने पुढे येऊन डबा उघडला. शिशाच्या खाली-वर पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्या. मूठभर नव्हे, ओंजळभर.

"देवा! ह्या सगल्या तू खाल्ल्याच नाय?"

"हळू बोल गो. सुई हाय ना आता. मोठा तांडेल आल्यावर ह्या कशाला?"

"मंग पोरीला तसं सांगायचं! भरते बिचारी दर आठवड्याला."

बाबांनी मान खाली घातली. आत्याने त्यांच्याकडे रोखून बघितलं. तिला कारण कळलं नसावं, पण भाऊ कानकोंडा झालाय एवढं कळलं.

"सुचिताला नाय सांगत," ती म्हणाली. "तुझी लाज माझी लाज. पन आजपासून माझ्यासमोर खायाच्या. आ कर."

आणि सत्तरीच्या माणसाने लहान पोरासारखा आ केला. खरं सांगू? बाबांना ते आवडलं होतं. कुणीतरी समोर उभं राहून गोळी गिळेपर्यंत घशाकडे बघतंय, असं किती वर्षांत झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर आठ वाजायच्या आधीच ते मला मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशीही.

मला मात्र धडकी भरली होती. तीस युनिट ठरले होते ते गोळ्या पोटात जात नव्हत्या म्हणून. आता तीसही जात होते आणि गोळ्याही. हे मॅडमना माहीत नव्हतं, सुचिताला माहीत नव्हतं. आत्याला गोळ्या कळल्या होत्या, युनिट कळत नव्हते. सगळं ठाऊक असणारी मी एकटी, आणि मी फळीवर.

चौथा दिवस हळदीचा. भावकीतले थोरले म्हणून मांडवात नारळ बाबांनी फोडायचा, आणि तो उपाशीपोटी. मुहूर्त दहाचा. बाबांनी पांढरा सदरा घातला, सुई टोचली, आत्याच्या हातून गोळ्या घेतल्या, आणि वर नुसता बिनसाखरेचा चहा.

"नारल फोडून आलास का खा," आत्या म्हणाली. "मटन हाय."

दहा वाजले. अकरा वाजले. धवला गाणारी बाई, जिच्या गाण्याशिवाय आमच्याकडे लग्नाचं पान हलत नाही, ती दुसऱ्या गावच्या मांडवात अडकली होती. गल्लीत बेंजो वाजत होता. बाबा पलंगावर बसून बोलावण्याची वाट बघत होते. बाराच्या सुमारास त्यांनी कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. माघातली हवा, वर पंखा, आणि सदरा पाठीला चिकटलेला.

"वारा फिरला," ते म्हणाले.

आत्या आरशासमोर वेणीत गजरा माळत होती. "कंचा वारा?"

"ओहोटी लागली... जालं वडा... सुधीर कुठं हाय? सुधीरला सांग..."

सुधीर त्यांचा होडीवरचा जुना साथीदार. तो जाऊन दहा वर्षं झालेली. बाबांची जीभ जड झाली होती, शब्द लडबडत होते. उठायला गेले आणि पलंगाच्या कडेवर कलंडले.

आत्या वळली आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "अगं बाय! दादूस, सकालीच? हलद रातची नि हा आताच लावून बसला! कोनी पाजली रं तुला? त्या मांडवातल्या पोरांनी ना? नारल फोडायच्या आधी?"

हळदीच्या दिवशी गावात एखादा पुरुष घामाघूम होऊन बरळायला लागला तर कुणालाही तेच वाटणार. तिचा काय दोष? तिने त्यांना आडवं केलं, पाय वर घेतले, वर चादर टाकली. "झोप जरा, उतरल," म्हणाली, आणि खोलीचं दार ओढून घ्यायला निघाली.

ते दार लागलं असतं तर ही गोष्ट सांगायला मला काही उरलं नसतं.

दारातच तिची सुचिताशी गाठ पडली. सुचिता पिवळी साडी नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन खाली आली होती.

"तुझा सासरा टाइट हाय," आत्या कुजबुजली. "तेजसला नको सांगू."

"बाबा? बाबा पीत नाहीत आत्या. सोडून वीस वर्षं झाली."

"हलदीला कोन नाय पीत?"

सुचिता आत आली. कपाळाला हात लावला. थंडगार, ओलं. हात उचलला तर तो थरथरत होता. तोंडाजवळ वाकून तिने वास घेतला आणि ताट तसंच जमिनीवर ठेवलं. साखर मोजायचं मशीन कपाटातून काढलं, बोटाला सुई मारली. घाईत थेंब पट्टीवर दोनदा चुकला.

"बेचाळीस!" ती ओरडली. "आत्या, साखर! ग्लासात पाणी आणि साखर, पटकन!"

"साखरेच्या मानसाला साखर देतंस? मारतंस काय त्याला?"

"आत्या, बाजूला व्हा!"

तिने स्वतःच पाण्याच्या ग्लासात साखरेचा डबा उपडा केला. चमचा न घेता बोटानेच साखर ढवळली. बाबांचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजू लागली. "बाबा, गिळा. बाबा, माझ्याकडे बघा. अजून एक. गिळा." अर्धं पाणी गळ्यावरून पिवळ्या साडीवर ओघळत होतं. आत्या भिंतीला टेकून उभी होती, गजरा अर्धा सुटलेला.

पंधरा मिनिटांनी बाबांनी डोळे नीट उघडले. इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "नारल फुटला काय?"

सुचिता हसायला गेली आणि रडली.

नारळ त्या दिवशी दुसऱ्या कुणी फोडला. तासाभरात तेजस रिक्षा घेऊन आला आणि आम्ही सगळे वैशाली मॅडमकडे गेलो. 'आम्ही' म्हणते, कारण असलं नसलं सगळं औषध आणा असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. पिशवीत मी होते, आणि माझ्याशेजारी, पहिल्यांदाच, इन्सुलिनचं पेन.

मॅडमनी विचारलं, "नवीन काही झालं का? गोळ्या, इंजेक्शन, कशात बदल?"

"नाही मॅडम," सुचिता म्हणाली. "गोळ्या तर रोज घेतात. मी स्वतः भरते."

काशीआत्या खुर्चीत चुळबुळली. भावाकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, "घेत नव्हता. मीच उभी राहून खायाला लावल्या. चार दिवस झाले."

तेजस बापाकडे बघत राहिला. सुचिता माझ्याकडे.

मॅडमनी मला टेबलावर ठेवलं आणि पेन माझ्या शेजारी आणून ठेवलं. रागावल्या नाहीत. "बाबा, ही पांढरी गोळी आहे ना, मेटफॉर्मिन, ती शरीराला इन्सुलिनचं ऐकायला लावते. ती पोटात असली की थोड्या सुईत भागतं. ही गुलाबी तुमच्या स्वतःच्या शरीरातलं उरलंसुरलं इन्सुलिन बाहेर काढते. तुम्ही दोन्ही बंद केल्या, म्हणून साखर उतरेना, म्हणून मी सुई वाढवत गेले. आणि मग वाढलेल्या सुईवर दोन्ही एकदम आल्या, वर पोट रिकामं. चूक माझीही आहे. आकडा वाढवण्याआधी मी तुम्हांलाच विचारायला हवं होतं, गोळ्या खरंच घेता ना म्हणून. मी डबीवर विश्वास ठेवला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मना वाटलं, होडीला तांडेल एकच बरा," बाबा पुटपुटले.

"तांडेल एकच," आत्या फणकारली. "पन वल्ही कोन मारनार? तुझा बाप?"

मॅडमनाही हसू आवरलं नाही. त्यांनी गुलाबी गोळी बंद केली, पांढरी ठेवली, आणि इन्सुलिन तीसवरून चौदावर आणलं. पुन्हा हळूहळू, मोजून बघत, काय लागेल ते ठरवू म्हणाल्या. "आणि जे घेणार नसाल ते मला सांगायचं. मी रागावणार नाही. न सांगितलंत तर मात्र मी काळोखात औषध देतेय."

परत येताना सुचिताने रिक्षात एकदाच विचारलं, "पण बाबा, मला का नाही सांगितलं?"

"इसरलो," बाबा म्हणाले.

हे त्यांचं शेवटचं खोटं. न सांगण्याचं खरं कारण मला एकटीला माहीत होतं.

आत्या उरणला गेली. खोली पुन्हा गप्प झाली. आता बाबा माझं झाकण उघडतात आणि पांढरी गोळी खरोखर गिळतात. जखम भरत आलीय. तपासणीचे आकडे बरे येतायत. सगळं ठीक होतं. मग एका रविवारी सुचिता खाली आली तेव्हा तिच्या हातात मी होते.

म्हणजे मी नव्हे. माझ्यासारखीच एक, फक्त गुलाबी.

"बाबा, ऑनलाइन मागवली," ती खुशीत म्हणाली. "आता दोन आठवड्यांच्या गोळ्या एकदम भरून ठेवते. एकच तर गोळी आहे. म्हणजे मला दर रविवारी यायची घाई नाही, आणि तुम्हांलाही टेन्शन नाही."

चांगल्याच मनाने आणली होती तिने. पलंगावर बसून ती नव्या डबीचं पहिलं झाकण उघडू लागली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. हात पुढे केला आणि तिच्या हातून ती गुलाबी डबी काढून घेतली.

"मना एक पुरं हाय."

"अहो, असू दे ना, सोय होते."

"सोय नको." बाबांचा आवाज चिरकला. खाडीतल्या वाऱ्यावर हाका मारणारा तो आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "गोल्या मी भरीन. मना येतं भरायला. तू... तू नुसती येऊन बसशील काय, रविवारची? ही नवी डबी राहू दे वर, तुझ्याकडं."

सुचिता त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. माझ्या सात झाकणांवरून तिची नजर फिरली, आणि मला दिसलं की ती त्या सगळ्या रविवारांचा हिशेब लावतेय.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही मला सांगितलं नाही?"

बाबा पंख्याकडे बघायला लागले. मग त्यांनी मान हलवली. हो.

सुचिता तिथेच बसली. चहा गार झाला तरी उठली नाही. बाहेर अंधारून आल्यावर तेजसने वरून हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "तूच खाली ये." आणि तो आला. तिघं बसले होते. फार काही बोलले नाहीत, पण बसले होते.

पुढे सगळं गोडगोड झालं असं सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. आधीच खूप फसवून झालंय माझ्याकडून. सुचिताला नोकरी आहे, तेजसच्या पाळ्या आहेत, दोघांचीही पाठ दुखते. काही रविवारी ती येते, काही रविवारी नाही येत. ज्या रविवारी येत नाही, त्या दिवशी साडेचारपर्यंत बाबा दाराकडे बघतात. मग सदरा घालतात, मला छातीवरच्या खिशात खोचतात आणि जिन्याचा कठडा धरतात.

मला ते स्वतः भरू शकतात. पट्ट्या त्यांच्याच कपाटात आहेत. पण ते मला रिकामीच वर नेतात.

आत्ताही मी त्यांच्या खिशात आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबलेत. गुडघे कुरकुरतायत. कापडातून त्यांचं काळीज मला ऐकू येतंय, जोरात, पण नीट, एका तालात. एक भाडेकरू शेजारून उतरून गेला, 'काय काका' म्हणून. अजून बारा पायऱ्या आहेत. मग दार, मग बेल.

वाचणाऱ्या माणसा, निरोप घेता घेता एकच मागणं मागते. तुझ्या दाराशी कुणी असं माणूस रिकामी डबी घेऊन आलं आणि म्हणालं, 'गोल्या संपल्या गो, भरून दे,' तर उंबऱ्यावर उभं ठेवून ती भरून परत देऊ नकोस. त्याला आत घे. डबी कुठंही ठेव. आधी त्याला बसायला दे.